सी.एन.सी. यंत्रावर शाईचे अक्षर

लाकडावर नाव किंवा वेलबुट्टी कोरून देणारे लहानसे यंत्र आता खेड्यापाड्यांतल्या तरुणांच्याही हाती आलेले आहे. त्याला सगळे सी.एन.सी. म्हणतात. शाईने कागद छापणारे यंत्र तर ग्रामपंचायतीच्या कचेरीपासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तुम्ही रोज पाहता. आता असा विचार करा, की पहिल्या यंत्राच्या हातातली कोरणी काढून घेतली आणि तिच्या जागी दुसऱ्या यंत्रातले शाईचे हेड बसवले, तर फळीवर, जाड पुठ्ठ्यावर, कच्च्या विटेवर, म्हणजे जी वस्तू छपाईच्या यंत्राच्या तोंडात कधीच शिरणार नाही तिच्यावर, थेट अक्षर छापता येईल काय?

हा प्रश्न मला विचारला तो गेवराई तालुक्यातील चकलांब्याच्या एका विद्यार्थ्याने. त्याचे चुलते पेंटर आहेत. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरची सुवचने, ट्रॅक्टरच्या मागची नावे हे त्यांचे काम. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडचे काम पुष्कळच कमी झाले. पोराने खटपटी करून एक सी.एन.सी. यंत्र मिळवले आणि चुलत्यांचे अक्षर ह्या यंत्राकडून काढून घेता येईल का, हे त्याला पाहायचे होते. मी गणिताचा मनुष्य, यंत्रशास्त्राचा नव्हे. पण प्रश्नात शिरल्यावर असे दिसले, की ह्यात यंत्र थोडे आहे आणि गणितच अधिक आहे. म्हणून हा विषय वाचकांपुढे मांडण्याचे धाडस करतो.

अशा खटाटोपाला आपल्याकडे चांगला जुना आधार आहे. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम केलेल्या गणपत कृष्णाजींनी तिथले यंत्र डोळ्यांखालून घातले आणि स्वतःचे दाबयंत्र स्वतः उभे केले. शिळेवर छापण्याचे प्रयोग केले, शाईही घरीच बनवली, आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून लोकांच्या हातात दिले. छापण्याच्या शाईत चरबी असते अशा समजुतीने सोवळ्यातली मंडळी छापील पोथीला शिवत नसत. त्यावर तोड म्हणून त्यांच्या छापखान्यात तुपाची शाई वापरली जाई, असे सांगतात. यंत्रापेक्षा शाईनेच त्या गृहस्थांना अधिक झुंजवले असावे, असा माझा तर्क आहे. आपल्यालाही पुढे तोच अनुभव यायचा आहे.

आता यंत्राकडे वळू. आकड्यांच्या हुकमाने चालणारे कोरणयंत्र जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून निघाले आणि अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत १९५२ साली ते प्रथम लोकांना दाखवण्यात आले. ते यंत्र खोलीएवढे होते. आज तेच तत्त्व टेबलावर मावते. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ साली त्याच एम.आय.टी.च्या साहाय्याने फॅब लॅब उभी राहिली, आणि संगणकाच्या हुकमाने कापणारी, कोरणारी यंत्रे खेड्यातली मुले स्वतः चालवू लागली. तेव्हा हे काम शहरातल्या मोठ्या कारखान्याचेच आहे असे मानण्याचे कारण नाही.

घरगुती यंत्रांपैकी ३०१८ ह्या आकड्याने विकले जाणारे यंत्र बरेच आढळते. आकड्यातच त्याचे माप आहे: ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद. त्याची मोटर पंख्यासारखी सलग फिरत नाही, पावलापावलाने फिरते. एका फेऱ्याची २०० पावले. मोटर चालवणारे सर्किट त्या प्रत्येक पावलाचे आणखी १६ भाग करते. म्हणजे एका फेऱ्यात ३,२०० बारीक पावले झाली. तेवढ्यात तिचा स्क्रू ४ मिलिमीटर पुढे ढकलतो. भागाकार करा: एका मिलिमीटरला ८०० पावले. हा आकडा लक्षात असू द्या, पुढचे सगळे गणित ह्याच्यावर आहे. कोणत्याही क्षणी आपण कुठे आहोत, हे हे यंत्र पावले मोजून सांगू शकते. मात्र वेळ किती झाला ह्याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नाही.

शाईच्या हेडचे अगदी उलटे. त्याला 'आता' एवढेच कळते. विजेचा धक्का आला की थेंब टाकायचा, नाही आला की गप्प बसायचे. आपण कुठे आहोत ह्याचा त्याला पत्ता नसतो.

थेंबाथेंबाने लिहिण्याची युक्ती वाटते तितकी नवी नाही. समुद्राखालून तारा गेल्या तेव्हा पलीकडच्या टोकाला येणारा विजेचा प्रवाह इतका क्षीण असे, की त्याच्याने लेखणी कागदावर ओढणेही शक्य नव्हते. म्हणून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६७ साली एका बारीक काचेच्या नळीतून कागदाला न शिवता शाई उडवणारे यंत्र काढले. आपली मुंबई समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेली ती १८७० साली. कागदाला स्पर्श न करता लिहिणे ही कल्पना त्या काळापासूनची आहे.

आजच्या हेडची गोष्ट मात्र डाग देण्याच्या कावियेपासून सुरू होते. १९७७ साली जपानातील कॅनन कंपनीत इचिरो एंडो हे संशोधक काम करीत असता तापलेली कावी चुकून शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला लागली आणि सुईतून शाईचा फवारा उडाला. आत वाफ झाली आणि तिने शाई बाहेर ढकलली. चुलीवरच्या आधणाचे झाकण उडते तोच हा प्रकार, पण तो सुईच्या टोकाएवढ्या जागेत. ह्याच सुमारास अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीतही स्वतंत्रपणे हाच शोध लागला, आणि १९८४ साली त्या कंपनीने थिंकजेट नावाचे छपाईयंत्र बाजारात आणले. त्याच्या हेडला १२ छिद्रे होती. ह्या छिद्रांना नोझल म्हणतात. ती एकाखाली एक, इंचात ९६ ह्या प्रमाणात मांडलेली. प्रत्येक नोझलच्या मागे एक सूक्ष्म तापणारा तुकडा. त्याला क्षणभर वीज दिली की शाईचा बुडबुडा होतो, थेंब उडतो, बुडबुडा विरतो आणि रिकामी जागा मागची शाई भरून काढते.

आजच्या यंत्रांत नोझल शेकड्यांनी असतात आणि थेंब काही पिकोलिटरचा असतो; पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. मग तुम्ही म्हणाल, घरचे काम करायचे तर नवेच हेड का घेऊ नये? कारण नव्या हेडशी कसे बोलायचे, कोणत्या तारेवर कोणत्या क्रमाने काय पाठवायचे, हे बनवणारी कंपनी सांगत नाही. ते कुलूपबंद घर आहे. जुने बारा नोझलांचे हेड म्हणजे उघडे अंगण. बारा नोझल, बारा तारा, आणि सगळ्यांची मिळून एक परतीची तार. पावत्या छापणाऱ्या यंत्रांसाठी त्याच जातीचे सी ६६०२ नावाचे कार्ट्रिज निघाले. शाई आणि हेड एकाच डबीत. बिघडले की डबी बदलायची. अमेरिकेतील निकोलस लुईस यांनी हे कार्ट्रिज आर्डुइनोच्या पट्टीवरून चालवण्याचा 'इंकशील्ड' नावाचा आराखडा सर्वांसाठी खुला केला, आणि घरोघरच्या हौशी लोकांना वाट सापडली. वीज दिली की वाकणाऱ्या स्फटिकाने थेंब टाकणारी हेडही असतात. त्यांत उष्णता नसल्याने शाईची निवड अधिक मोकळी असते. पण पहिल्या प्रयोगाला ती घेऊ नयेत असे माझे मत आहे.

तर एकाला जागा कळते आणि दुसऱ्याला क्षण कळतो. ह्या दोघांची गाठ घालून देणे एवढेच आपले काम आहे, आणि नेमके इथेच बहुतेकांचे पाऊल घसरते.

सोपी वाटणारी रीत अशी: यंत्र सेकंदाला २० मिलिमीटर धावते, इंचात ९६ ठिपके म्हणजे दोन ठिपक्यांत साधारण ०.२६ मिलिमीटर अंतर. म्हणून दर १३ सहस्रांश सेकंदाला एक ठिपका टाका. कागदावर हे बरोबर आहे. पण यंत्र एकदम वेगात येत नाही. ओळीच्या आरंभी ते वेग घेते, शेवटी आवरते. घड्याळ मात्र त्याच तालात चालू असते. परिणामी दोन्ही टोकांना ठिपके दाटीवाटीने पडतात आणि पाटीच्या कडा काळ्या होतात. अशी काळी कड दिसली की समजावे, हेड घड्याळाकडे बघून थेंब टाकते आहे.

खरी रीत पावले मोजण्याची. यंत्राचा मेंदू मोटरला जे पाऊल-पाऊल हुकूम पाठवतो, त्याच तारेला एक फाटा काढून तो हेडच्या पट्टीला द्यायचा. दिशा सांगणारी तार तशीच घ्यायची. दोन्ही पट्ट्यांच्या ग्राउंडच्या तारा एकमेकींना जोडायच्या. ही तार विसरली तर काहीच्या काही मोजणी होते. आता हेडची पट्टी पावले मोजते आणि ठरलेली पावले झाली की थेंब टाकते. यंत्र धावो की रांगो, मध्येच थांबो, ठिपका आपल्या जागीच पडणार. बाजारच्या छपाईयंत्रात एक पारदर्शक पट्टी लावलेली असते आणि तिच्यावर अगदी बारीक रेघा असतात, हे झाकण उघडून कधी पाहिले आहे का? ती पट्टी ह्याच कामाची. धावता धावता हेड त्या रेघा मोजत असते.

ठरलेली पावले किती? इंचात २५.४ मिलिमीटर, मिलिमीटरला ८०० पावले, म्हणजे इंचाला २०,३२०. त्याला ९६ ने भागले की २११ पूर्णांक दोन-तृतीयांश येतात. आली ना अडचण! दोन-तृतीयांश पाऊल यंत्राला टाकता येत नाही. २१२ धरली तर २८ सेंटिमीटरच्या ओळीत जवळजवळ अर्धा मिलिमीटर ओळ लांबते. एकटी पाटी असेल तर हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही. पण एक मोठे नाव दोन फळ्यांवर छापून जोडायचे असेल, किंवा छापलेल्या अक्षरावरूनच मग कोरायचे असेल, तर फरक दिसेल. उपाय प्राथमिक शाळेतला आहे. तीन ठिपक्यांना मिळून ६३५ पावले होतात. तेव्हा एकदा २११, मग २१२, मग पुन्हा २१२, असे आळीपाळीने मोजावे. आणि ह्याच गणिताची दुसरी बाजू फार सुखाची आहे. बारा नोझलांचा एक पट्टा छापून झाला की पाटी बारा ठिपक्यांएवढी पुढे सरकवायची; तिथे पावले बरोबर २,५४० येतात, अपूर्णांक उरतच नाही. गणित शिकवणाऱ्याला अशा जागी जरा बरे वाटते.

एक पट्टा ३.१७५ मिलिमीटर उंचीचा. १७ सेंटिमीटर उंचीच्या पाटीला असे ५४ पट्टे लागतात. २८ सेंटिमीटर जायला १४ सेकंद आणि परत यायला १४. एकाच दिशेने छापले तर साधारण २५ मिनिटे. जाता-येता दोन्ही वेळा छापले तर वेळ निम्मा. पण सुरुवातीला तो मोह टाळावा. कारण स्क्रू आणि नट यांच्यात थोडी ढिलाई असतेच. दिशा बदलली की पहिली काही पावले ती ढिलाई भरण्यातच जातात. मोजली जातात, पण हेड जागचे हलत नाही. मग जातानाचे आणि येतानाचे पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत. थेंब उडून खाली पडेपर्यंत हेड पुढे सरकते त्याचे काय, असे कुणी विचारील. थेंब सेकंदाला पाच-दहा मीटर वेगाने येतो आणि त्याला जायचे असते दोन मिलिमीटर. तेवढ्या वेळात आपले हेड मिलिमीटरचा शंभरावा भागही सरकत नाही. कचेरीतल्या वेगवान यंत्राला त्याची काळजी करावी लागते, आपल्याला नाही.

वेग वाढवावा असे वाटले तरी एक मर्यादा आहे. अशा यंत्रांच्या मेंदूत बहुधा जी.आर.बी.एल. नावाचा प्रोग्राम असतो आणि साध्या पट्टीवर सेकंदाला सुमारे ३०,००० पावलांपलीकडे त्याची मजल जात नाही. २० मिलिमीटरच्या वेगाला १६,००० पावले पडतात; तिथेच राहावे हे बरे. आणखी एक गोष्ट. २८ सेंटिमीटरच्या पट्ट्यात १,०५८ उभ्या रांगा येतात. प्रत्येक रांगेला दोन बाइट धरले तर २,११६ होतात, आणि आर्डुइनोच्या साध्या पट्टीची स्मृती २,०४८ बाइटची! थोडक्यात हुकते. म्हणून एकतर बारा-बारा अंशांची गच्च बांधणी करावी, नाहीतर संगणकाने छापता छापता रांगा पाठवत राहावे. दुसरी रीत सोपी. सेकंदाला जेमतेम दीडशे बाइट लागतात; एवढे तर साध्यात साध्या जोडणीतूनही जातात.

विजेविषयी एकच ताकीद देतो, पण ती नीट वाचा. नोझलला साधारण २० व्होल्टचा धक्का द्यायचा तो पाच मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या दोन लाखाव्या भागाचा. नंतर त्याच नोझलला ८०० मायक्रोसेकंद विश्रांती. आपल्या वेगाला ती आपोआप मिळते. पण प्रोग्राम मध्येच अडकला आणि धक्का चालूच राहिला, तर तो तापणारा तुकडा डोळ्याचे पाते लवायच्या आत जळून जातो आणि ती नोझल कायमची गेली. म्हणून प्रोग्राम आधी दिव्यांवर, म्हणजे बारा एल.ई.डी. लावून, तपासावा, तारा बरोबर आहेत की नाहीत हे तिथे कळते. धक्क्याचा काळ मात्र मोजयंत्रावर पाहिल्याशिवाय कार्ट्रिज लावू नये. तसेच बाराही नोझल एकदम उडवू नयेत, एकेक करून उडवाव्यात. सगळ्या उडेपर्यंत ७२ मायक्रोसेकंद जातात. त्यात हेड किती सरकणार?

आतापर्यंत जे सांगितले ते कोणत्याही लिपीला लागू आहे. आपल्या लिपीचे म्हणून एक वेगळे प्रकरण आहे, आणि ते मला परदेशी लेखनात कुठे दिसले नाही. ते म्हणजे शिरोरेषा.

रोमन अक्षरे सुटी सुटी असतात. एका अक्षरात जरा खोट राहिली तर डोळा पुढे निघून जातो. देवनागरीत शब्दाच्या माथ्यावरून एक सरळ रेघ धावते. डोळ्याला सरळ रेघेतला दोष जितका लवकर कळतो तितका दुसरा कुठलाच कळत नाही. सुतार फळीला एका डोळ्याने पाहतो ते ह्याचमुळे. दोन पट्ट्यांची सांध नेमकी शिरोरेषेत आली आणि पाटी केसभर जास्त सरकली, तर रेघेच्या पोटातून पांढरी चीर जाते. कमी सरकली तर दुप्पट शाईची काळी ओळ उमटते. एखादी नोझल बंद असली तर तीच चीर शब्दाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणून अक्षराची आखणी करतानाच अशी योजना करावी, की शिरोरेषा पूर्णपणे एका पट्ट्यात बसेल. आठ ठिपके जाडीची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटरची रेघ बारा नोझलांच्या मधोमध घ्यावी. वर दोन, खाली दोन मोकळ्या. मग सांध येईल ती अक्षराच्या अंगात, जिथे वळणे आहेत आणि दोष लपतो.

वळणात दोष लपतो, पण दंडात लपत नाही. हेड जर उभे काटकोनात न बसता किंचित कललेले असेल तर प्रत्येक पट्ट्यात वरची नोझल आणि खालची नोझल यांच्यात आडवा फरक पडतो, आणि काना करवतीसारखा दातेरी होतो. एक अंश कलले तर फरक मिलिमीटरच्या विसाव्या भागाचा, तो चालेल. पाच अंश कलले तर जवळजवळ पूर्ण ठिपक्याचा. तो चालणार नाही. हेड धरणाऱ्या पट्टीला एक आडवे छिद्र लांबट ठेवून स्क्रूने कमी-जास्त करण्याची सोय करावी.

जोडाक्षरांची भीती मात्र बाळगू नये. शिशाच्या टाइपांच्या काळात जुळाऱ्यापुढे खणांच्या खण मांडलेले असत आणि जोडाक्षरांमुळे त्यांची संख्या फार वाढे. इथे ते ओझे संगणकाने उचललेले असते. शब्दाचे चित्र संगणक तयार करतो आणि यंत्राला फक्त कुठे ठिपका आहे आणि कुठे नाही एवढेच कळवतो. यंत्राच्या दृष्टीने 'क्ष' काय आणि कमळ काय, सारखेच. म्हणजेच छापायचे अक्षर संगणकातलेच असले पाहिजे असेही नाही. चकलांब्याच्या त्या पेंटरांनी कागदावर ब्रशने नाव लिहिले आणि त्याचा फोटो घेतला, तर यंत्र त्यांचेच वळण फळीवर उतरवील.

हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, अक्षर माझं अन् ठिपके ह्या डबीचे. मंग पैसं कुणाचं?"

प्रश्न रोकडा होता आणि यंत्राच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे उत्तर नाही. ज्या फ्लेक्सने त्यांचे काम नेले तो फ्लेक्सही शाईच्या थेंबांनीच छापला जातो. यंत्र मोठे आणि शाई वेगळी, एवढाच फरक. तिथे अक्षर कुणाचेच नसते. दुकानदार वाढदिवसाचा फोटो देतो, संगणकातले तयार अक्षर उचलले जाते, काम संपते. इथे जर पोरगा चुलत्याचे अक्षर घेऊन दहा पाट्या छापणार असेल, तर दहाही पाट्यांत चुलत्याचा वाटा असला पाहिजे असे मला वाटते. शेतीत जमीन एकाची आणि राबणूक दुसऱ्याची असली की बटईचा हिशेब आधी ठरवतात, पीक आल्यावर नाही. तसा हिशेब त्यांनी पहिल्या पाटीच्या आधीच लावला: फळी, शाई आणि विजेचा खर्च वजा जाता निम्मे निम्मे. वळण दुसऱ्या कुणाला द्यायचे झाले तर दोघांच्या संमतीने.

मात्र कोणते काम ह्या यंत्राला द्यावे ह्याबद्दल आपण भ्रमात राहू नये. कागद छापायला तयार यंत्रच स्वस्त आणि चांगले. मोठा फलक हवा असेल तर तीस सेंटिमीटरच्या यंत्राने फ्लेक्सशी झुंजू नये. ह्याचे क्षेत्र म्हणजे घराच्या दारावरची नावाची फळी, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांची लाकडी मांडणी, मधपेटीवरचा आकडा, स्पर्धेत द्यायची लाकडी ढाल. लहान, थोड्या संख्येची, आणि दर खेपेला वेगळ्या नावाची कामे.

आणि आता शाई. ह्या कार्ट्रिजची शाई पाण्यात केलेली असते. ती मुरायला जागा पाहिजे. कोरे लाकूड, पुठ्ठा, सुती कापड, चुन्याचा गिलावा, कच्ची वीट यांवर ती धरते. पत्रा, काच किंवा तैलरंगाचा हात दिलेली फळी यांवर ती पाऱ्यासारखी गोळा होते आणि बोट लागले की पुसते. तिथे आधी खडूची पूड आणि डिंक यांचा पातळ हात देऊन वाळवावे, मग छापावे. वरून व्हार्निश द्यायचे तर फवाऱ्याने. ब्रश फिरवला की केलेले काम वाहून जाईल. उन्हात राहणाऱ्या पाटीला विरघळलेल्या रंगाची शाई टिकत नाही, बारीक भुकटीच्या रंगाची शाई त्यापेक्षा बरी. तीही दारात सावलीत असेल तर. शहरात मोठी यंत्रे विशिष्ट किरणांनी जागच्या जागी वाळणारी शाई वापरतात. ते घरचे काम नव्हे.

आपल्या मराठवाड्याच्या हवेत खरा शत्रू म्हणजे उन्हाळा. पारा चाळिसाच्या वर गेला आणि वारा कोरडा असला की नोझलच्या तोंडावरची शाई बघता बघता सुकते. ओळ संपून हेड परत येते तेवढ्या वेळातही कडेच्या, कमी चालणाऱ्या नोझल धरतात. म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या आधी पाटीच्या बाहेर एका ओल्या फेल्टच्या तुकड्यावर बाराही नोझलांनी दोन-चार थेंब टाकून यावेत. विडा खाणारा बोलण्याआधी तोंड मोकळे करतो तसे हे आहे. काम थांबले की हेड त्याच ओल्या फेल्टवर टेकवून ठेवावे. वीज गेली तर आधी हे करावे, बाकीचे नंतर. पिचकारीने शाई पुन्हा भरता येते, पण काठोकाठ भरू नये. डबीच्या आत हवेपेक्षा किंचित कमी दाब असतो, म्हणून शाई आपोआप गळत नाही. डबी ठासून भरली की तो दाब जातो आणि पाटीवर डाग पडतात.

दुसरा शत्रू घरातलाच, लाकडाचा भुसा. कोरणे आणि छापणे एका बैठकीत करू नये. कोरून झाल्यावर यंत्र ब्रशने झाडून, पुसून घ्यावे आणि भुसा खाली बसल्यावरच हेड लावावे. फळी सपाट आहे की नाही हेही आधी पाहावे. हेड आणि फळी यांच्यात दीड-दोन मिलिमीटर अंतर ठेवायचे असते. फळीला पोक असेल तर नोझलची पट्टी तिच्यावर खरवडते.

पहिली चाचणी कोणत्या शब्दाने घ्यावी? मी त्या विद्यार्थ्याला त्याच्या गावाचेच नाव छापायला सांगितले, आणि ते भक्तीपोटी नव्हे. 'चकलांबा' ह्या शब्दात सलग शिरोरेषा आहे, सहा उभे दंड आहेत, 'क'ची दोन्हीकडची वळणे आहेत आणि एक अनुस्वार आहे. शिरोरेषेत चीर दिसली तर आधी नोझल साफ करावी; तरीही चीर राहिली तर ती सांधेची आहे, २,५४० पावलांची मोजणी आणि पुढे-मागे सरकणाऱ्या स्क्रूची ढिलाई तपासावी. दंड दातेरी आले तर हेड कललेले आहे. सगळेच दंड पट्ट्यापट्ट्याला एका अंगाला सरकत गेले तर मोटर पावले चुकते आहे. वेग कमी करावा किंवा स्क्रूला तेल द्यावे. 'क'चे वळण जाड-बारीक येत असेल तर फळी सपाट नाही. अनुस्वाराभोवती बारीक शिंतोडे दिसले तर हेड फार उंच आहे. अर्धा मिलिमीटर खाली घ्यावे आणि तोच शब्द पुन्हा छापावा. पहिल्या फळ्या रद्दीच्या पुठ्ठ्याच्या असाव्यात, सागवान नंतर.